बंद पडलेल्या कंपन्यांची चालू मशिनं

नेटबीएसडी १०.० ही युनिक्सच्या घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना स्क्रीनवर आधी कॉपीराइटच्या ओळी सरकतात. पहिलीत १९९६, १९९७, १९९८ करत करत यादी २०२४ पर्यंत येऊन थांबते. तिच्याखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाची ओळ, तीत १९८२ ते १९९३ मधली पाच सालं. मग प्रोसेसर, मेमरी आणि सापडलेल्या एकेका उपकरणाची हजेरी. माझ्याकडे हे सगळं ज्या मशीनवर उमटतं ते सनचं स्पार्कस्टेशन ५, १९९४ साली बाजारात आलेलं मॉडेल. ते बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. सनचं स्वतःचं युनिक्स, सोलारिस, या मशीनला नवव्या आवृत्तीपर्यंत साथ देत होतं. २००५ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीने ३२ बिटी स्पार्कला, म्हणजे याच मशीनमधल्या प्रोसेसरच्या जातीला, रजा दिली. म्हणजे ज्यांनी मशीन बनवलं त्यांनी हात झटकून दोन दशकं उलटली, आणि ज्यांना त्यातून दमडी मिळायची नव्हती ते लोक अजून त्याच्यासाठी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तयार करताहेत.

ही गोष्ट एकट्या सनची नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीत वर्कस्टेशन बनवणारी प्रत्येक कंपनी स्वतःचं संस्थान चालवायची. प्रोसेसर तिचा, बस तिची, कीबोर्डाचं कनेक्टरसुद्धा तिचं आणि युनिक्सही तिचं. सिलिकॉन ग्राफिक्सकडे मिप्स आणि आयरिक्स, ह्यूलेट-पॅकार्डकडे पीए-रिस्क आणि एचपी-यूएक्स, डिजिटलकडे आधी व्हॅक्स आणि मग अल्फा. पुढे साध्या पीसीने सगळ्यांना खाल्लं. डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅककडे गेली, कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे. आयरिक्सची शेवटची आवृत्ती २००६ ची आणि सिलिकॉन ग्राफिक्सचं दिवाळं २००९ चं. संस्थानं खालसा झाली, पण मशिनं दणकट होती. त्यांतली बरीच आजही वीज दिली की जागी होतात.

जागं झाल्यावर त्यांच्यावर काय चालवायचं, यावरून जुनी मशिनं चालवण्याच्या या नादात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मशीनवर त्याच्या काळातली मूळ सिस्टिमच हवी, नाहीतर मजा काय? दुसरा तट आजचं नेटबीएसडी किंवा त्याचं भावंड ओपनबीएसडी चढवतो. मी दुसऱ्या तटातला, पण पहिल्याचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच. माझं कारण साधं आहे. मूळ सोलारिस घातलेलं स्पार्कस्टेशन आजच्या नेटवर्कवर बहिरं असतं. त्याच्या ब्राउझरला आजचं टीएलएस, म्हणजे वेबवरची कूटभाषा, येत नाही, त्यामुळे बहुतेक साइट दारातूनच परत पाठवतात. त्या काळचं एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायचं साधन, चालवलं, तर त्याला येणाऱ्या डिजिटल सह्यांच्या पद्धती समोरचा सर्व्हर मानत नाही. ओपनएसएसएचने २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून आरएसएच्या जुन्या एसएचए-१ सह्या, मुद्दाम चालू केल्या नाहीत तर, बंदच ठेवल्या. सुरक्षेची भोकं तर वेगळीच. असं मशीन दाखवायला छान, कामाला निरुपयोगी. त्याच पेटीवर आजची सिस्टिम चढली की ती पुन्हा चार मशिनांमधलं एक मशीन होते. मला ते हवं असतं.

पण तिथवर पोचायच्या आधी बॅटरीशी गाठ असते.

स्पार्कस्टेशन ५ च्या बोर्डावर एम४८टी०८ नावाची एक जाड काळी चिप असते. घड्याळ, थोडी मेमरी आणि ती मेमरी जिवंत ठेवणारी लिथियम बॅटरी, असं सगळं एकाच ठोकळ्यात ओतून बंद केलेलं. मशीनची ओळख, म्हणजे इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी, या मेमरीत राहते. बॅटरी दहा-बारा वर्षांत संपते, आणि बदलायची सोय बनवणाऱ्याने ठेवलेली नाही. त्यामुळे आज हाती येणारं जवळपास प्रत्येक स्पार्कस्टेशन स्मृतिभ्रंश झालेलं असतं. सुरू केलं की ओळखपत्र अवैध असल्याची तक्रार करतं आणि इथरनेट पत्ता म्हणून सगळे एफएफ दाखवतं. अशा पत्त्यावर नेटवर्क चालत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करावे लागतात. पहिला हत्याराचा: चिपच्या डोक्यावरचं रेझिन कानशीने हळूहळू घासत जायचं, आतल्या बॅटरीच्या दोन पट्ट्या चकाकेपर्यंत. मग त्या मेलेल्या बॅटरीपासून तोडायच्या, बारीक तारा डकवायच्या आणि सीआर२०३२ या नाण्यासारख्या बॅटरीचा होल्डर वर चिकटवायचा. कानस जरा खोल गेली तर चिप संपली. रेझिनची भुकटी नाकात जाऊ देऊ नये, मास्क लावावा. दिसायला हे ध्यान होतं, पण पुढची कित्येक वर्षं नाणं बदललं की काम भागतं.

दुसरा उपाय कीबोर्डाचा, आणि मला तो जास्त आवडतो. सनच्या मशीनमध्ये ओपनबूट नावाचा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम, असतो आणि तो चक्क फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेचा दुभाष्या आहे. स्टॉप आणि ए या कळा एकत्र दाबल्या की 'ओके' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे गणितं करता येतात, नवे शब्द रचता येतात, मेमरी उचकता येते. 'एमकेपी' हा शब्द वापरून ओळखीच्या मेमरीत एकेक बाइट लिहायचा: पहिला बाइट १, दुसरा मशीनच्या जातीचा, मग इथरनेट पत्त्याचे सहा. त्यातले पहिले तीन ०८, ००, २० हे सनचं आडनाव. उरलेले तीन पेटीवरच्या लेबलावरून, लेबल नसेल तर मनाने. शेवटी सोळावा बाइट, आधीच्या पंधरांचा एक्सऑर, म्हणजे बिटाबिटाची हातचा न घेता केलेली बेरीज. तो जुळला नाही तर मशीन ओळखपत्र नाकारतं. कागदावर पंधरा बाइटांचा एक्सऑर काढताना पेन्सिल लागते आणि डोकं जागेवर लागतं. बेरीज जुळल्यावर रीसेट केलं की बॅनरमध्ये नाव-गाव नीट उमटतं. आजच्या कुठल्या लॅपटॉपचा फर्मवेअर मालकाशी इतक्या मोकळेपणाने बोलतो?

आता इन्स्टॉलेशन. सीडी ड्राइव्ह असेल तर असेल. बहुधा त्याचा रबरी पट्टा विरघळलेला असतो. म्हणून नेटवर्कवरून बूट करणं बरं. 'बूट नेट' लिहिलं की मशीन आधी आरएआरपीची हाक देतं: माझा इथरनेट पत्ता हा, माझा आयपी पत्ता कुणी सांगेल का? हा प्रोटोकॉल १९८४ चा. उत्तर मिळालं की टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलने एक फाइल मागतं. तिचं नाव म्हणजे स्वतःचाच आयपी पत्ता, सोळाच्या पायात लिहिलेला. पत्ता १९२.१६८.१.२० असेल तर १९२ चे सी०, १६८ चे ए८, १ चा ०१ आणि २० चे १४, म्हणून फाइल सी०ए८०११४, आणि पुढे टिंब देऊन एसयूएन४एम हे मशीनकुळाचं नाव. त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसेल तर मशीन काहीएक न सांगता वाट बघत बसतं. नवख्यांचा अर्धा वेळ इथेच जातो. फाइल मिळाली की बूटलोडर येतो, तो बूटपॅरम्स या सर्व्हरकडून मूळ डिरेक्टरीचा पत्ता घेतो आणि एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून, कर्नल उचलतो. हे चारही सर्व्हर आजच्या लिनक्सवर गोळा करत बसण्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या बीएसडी मशीनवर उभे करावेत. तिथे ते मूळ सिस्टिमसोबतच येतात.

डिस्कचं फार लिहीत नाही. जुन्या स्कझी जोडणीच्या डिस्क कर्कश आवाज करत करत एक दिवस गप्प होतात. ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी हे डिस्कचं सोंग घेणारं बोर्ड लावा, मेमरी कार्डावर डिस्कची प्रतिमा ठेवा, विषय संपला. मॉनिटरचंही तसंच. १३डब्ल्यू३ कनेक्टर आणि हिरव्या सिग्नलवर स्वार झालेला सिंक यांच्या नादी न लागता कीबोर्ड काढून ठेवावा. कीबोर्ड दिसला नाही की सन आपोआप सीरियल पोर्टवर बोलायला लागतं, ९६०० च्या गतीने. फक्त एक लक्षात असू द्या. त्या पोर्टाला जोडलेलं पलीकडचं यंत्र बंद केलं तर काही वेळा लाइनवर 'ब्रेक' जातो, आणि स्पार्कस्टेशन तो हुकूम समजून जागच्या जागी थिजतं, ओके प्रॉम्प्टवर. लॅपटॉप मिटला म्हणून सर्व्हर थांबला, अशी ही तऱ्हा. 'गो' लिहिलं की पुढे चालू लागतं, जसं काही झालंच नाही.

हे सगळं करून जे मिळतं त्यामागे कुणाचा तरी विचार आहे. नेटबीएसडी प्रकल्प १९९३ चा, आणि कोडमध्ये मशीनचं काय आणि सगळ्यांचं काय याची वाटणी करण्याची सवय तिथे लवकर रुजली. उदाहरण स्कझी चिपचं घ्या. एनसीआर ५३सी९एक्स कुळातली चिप सनमध्ये आहे, नेक्स्टच्या काळ्या ठोकळ्यात आहे, काही मॅकिंटॉशमध्ये आहे, डिजिटलच्या टर्बोचॅनेल मशिनांमध्येही आहे. प्रत्येकीच्या भोवतीची बस वेगळी, डीएमए, म्हणजे उपकरणाने थेट मेमरीत माल टाकण्याची सोय, वेगळा. नेटबीएसडीत चिपशी बोलणारा गाभा एकच ड्रायव्हर आहे. प्रत्येक मशीनसाठी वर एक पातळ साल. म्हणून नेक्स्टवाल्याने दुरुस्त केलेली चूक सनवाल्याला आपोआप मिळते. तीस वर्षांच्या मशीनला जिवंत ठेवायला हजार माणसं लागत नाहीत, याचं गमक बरंचसं इथे आहे.

दुसरं गमक म्हणजे बिल्ड डॉट एसएच ही स्क्रिप्ट. आजच्या पीसीवर, साध्या युजरच्या हक्कांनी, ती आधी स्वतःची क्रॉस-कंपायलरची, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी कोड बांधणारी, हत्यारं बनवते आणि मग स्पार्कसाठी, व्हॅक्ससाठी, हव्या त्या मशीनसाठी पूर्ण सिस्टिम बांधून देते. स्पार्कस्टेशन ५ मध्ये जास्तीत जास्त २५६ मेगाबाइट मेमरी बसते; तिथे आजचा सी++ कंपायलर चालवणं म्हणजे डिस्कला स्वॅपच्या घाण्याला जुंपणं. ओपनबीएसडीची मात्र वेगळी टेक आहे. तिथे प्रत्येक मशीनची आवृत्ती त्या जातीच्या खऱ्या मशीनवरच बांधायची. जी सिस्टिम स्वतःला कंपाइल करू शकत नाही ती चालते असं म्हणायचं कशाच्या जोरावर, हा त्यांचा युक्तिवाद. तर्क बिनतोड आहे आणि किंमतही चोख वसूल होते: ३२ बिटी स्पार्क आणि व्हॅक्स ५.९ या २०१६ च्या आवृत्तीनंतर गेले, सिलिकॉन ग्राफिक्सची मशिनं २०२१ च्या ६.९ नंतर. दोन्हींत मला नेटबीएसडीचा मार्ग जवळचा वाटतो, कारण माझ्याकडचं मशीन त्या मार्गावर आहे. स्वार्थ लपवण्यात अर्थ नाही.

या खटाटोपाचा इतर कुणाला उपयोग काय, यालाही उत्तर आहे, आणि मला ते नॉस्टॅल्जियाच्या कढांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ही मशिनं कोडची परीक्षा घेतात. आजचा बहुतेक सी कोड एकाच स्वभावाच्या प्रोसेसरवर वाढलेला असतो: लहान बाइट आधी, वेड्यावाकड्या पत्त्यावरचं वाचन चालवून घेणारा, मेमरीचा क्रम बऱ्यापैकी पाळणारा. स्पार्क यातलं फारसं काही पोटात घालत नाही. चार बाइटांची संख्या चाराने न भागणाऱ्या पत्त्यावरून वाचायला गेलात की 'बस एरर' आणि प्रोग्राम जागीच ठार. बाइटांचा क्रमही उलटा. एका छोट्या प्रोग्रामात कुणीतरी पूर्णांकाच्या जागेत फाइलमधून एकच बाइट वाचला होता. पीसीवर तो बाइट सर्वांत कनिष्ठ जागी पडतो, त्यामुळे फाइलमधला १ हा १ च दिसतो. स्पार्कवर तोच बाइट सर्वांत वरच्या जागी बसला आणि प्रोग्रामने शांतपणे १,६७,७७,२१६ असं उत्तर दिलं. चूक पहिल्या दिवसापासून होती. ती उघडी पाडायला दुसऱ्या स्वभावाचं मशीन लागलं.

प्रत्येक जुन्या प्रोसेसरचा असा स्वतःचा जाच आहे. पीए-रिस्कवर स्टॅक खालून वर वाढतो, त्यामुळे बफरच्या हद्दीबाहेर लिहिणारा कोड इथे वेगळीच जागा तुडवतो आणि पकडला जातो. अल्फावर तर पॉइंटर नवा वाचला तरी तो जिथे बोट दाखवतो तिथला माल जुना मिळू शकतो, मध्ये बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना, घातला नसेल तर. लॉकशिवाय कोड लिहिणाऱ्यांची झोप या एका गुणाने उडवली आहे. व्हॅक्सचे अपूर्णांक आजच्या आयईईई प्रमाण पद्धतीचे नाहीत, त्याला अनंत ठाऊक नाही. कुणी म्हणेल, हे सगळं एम्युलेटरवरही तपासता येईल. बरंच येतं. क्यूईएमयू हा एम्युलेटर स्पार्कस्टेशन ५ चं सोंग उत्तम वठवतो, आणि ते आजच्या पीसीवर मूळ मशीनपेक्षा वेगाने पळतं. पण तो प्रोसेसरजवळच्या छोट्या झटपट मेमरीची, म्हणजे कॅशची, नक्कल करत नाही. डीएमएने मेमरीत नवा माल टाकला आणि प्रोसेसर मात्र कॅशमधला शिळाच चघळत बसला, ही चूक लोखंडावरच दिसते. मी पॅच आधी एम्युलेटरवर चालवतो आणि विश्वास मात्र खऱ्या पेटीने होकार दिल्यावर ठेवतो.

रोजच्या वापराचं विचाराल, तर एसएसएचने आत शिरायला काही सेकंद थांबावं लागतं. सगळा वेळ गुप्तलेखनाच्या किल्ल्यांच्या गणितात जातो. आरएसएची लांब किल्ली बनवायला सांगून उठून जावं. एड२५५१९ ची किल्ली त्या मानाने लवकर होते, म्हणून तीच ठेवावी. एकदा आत गेलं की व्हीआय, मेक, ग्रेप, रोफ यांना काही अडचण नसते. ती साधनं याच तोलाच्या मशिनांवर वाढली. एक्स विंडो चालतं, पण सीजी६ ग्राफिक्स कार्डावर आठ बिटी, म्हणजे एका वेळी २५६ रंग. एका खिडकीने स्वतःची रंगपेटी मागितली की तिच्यावर माउस नेताच बाकी पडदा जांभळा-हिरवा होतो. आजच्या ग्राफिक लायब्ऱ्या हे गृहीतच धरत नाहीत. तेव्हा एक्सटर्म, घड्याळ आणि डब्ल्यू३एम हा मजकुरी ब्राउझर, एवढ्यावर समाधान. मला त्यात विरक्ती-बिरक्ती काही दिसत नाही. मशीन हळू आहे, आणि काही कामांना ते पुरतं.

आता पहिल्या तटाकडे येतो, कारण तिथे त्यांचं खरं आहे. माझ्याकडे सिलिकॉन ग्राफिक्सचं इंडीही आहे, १९९३ चं मॉडेल, निळ्या पेटीचं. त्यावर नेटबीएसडी बसतं आणि नीट चालतं. पण बसल्यावर इंडी हे कुठलंही युनिक्स मशीन होऊन जातं. आयरिक्समध्ये त्याच पेटीवर इंडिगो मॅजिक डेस्कटॉप होता, वरच्या बाजूला बसणारा कॅमेरा आणि त्याची साधनं होती, चित्र-आवाज-व्हिडिओ एकत्र हाताळणारे प्रोग्राम होते. १९९३ मध्ये वर्कस्टेशनसोबत कॅमेरा देणं हा त्या कंपनीचा स्वभाव होता. तो स्वभाव सिलिकॉनमध्ये कमी आणि आयरिक्समध्ये जास्त होता, आणि आयरिक्सचा कोड खुला नाही. डिस्कवर नवी सिस्टिम घालताना मी त्या स्वभावावर पाणी सोडत होतो. स्पार्कस्टेशनबाबत हे दुःख नव्हतं. सन मुळात बीएसडीच्याच घरातलं, आणि नेटबीएसडीचं कर्नल जुन्या सनओएसचे काही प्रोग्राम थेट चालवून घेतं. इंडीसाठी मी शेवटी मेमरी कार्डावर दोन डिस्क-प्रतिमा ठेवल्या, एक आयरिक्सची आणि एक नेटबीएसडीची. आयरिक्सवाली नेटवर्कला जोडत नाही.

पुढे काय, याची चिन्हं संमिश्र आहेत. अडचण कर्नलची कमी, वरच्या सॉफ्टवेअरची जास्त. रस्ट भाषेतला कोड जसजसा पायाभूत लायब्ऱ्यांमध्ये शिरतोय, तसतशी ज्या प्रोसेसरवर एलएलव्हीएम, म्हणजे रस्टच्या कंपायलरचा पाया, पोचत नाही ती मशिनं एकेक पायरी खाली उतरताहेत. एसव्हीजी चित्रं काढणारी एलआयबीआरएसव्हीजी आधीच तिकडे गेली होती. २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने रस्ट घेतलं तेव्हा अल्फा, पीए-रिस्क, एम६८के हे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला. त्या पॅकेजच्या लेखकांचं मला चुकीचं वाटत नाही. मेमरीच्या चुकांनी सुरक्षेचं वाटोळं होतं हे खरंच आहे, आणि माझ्या छंदासाठी त्यांनी जगाला धोक्यात ठेवावं असं मी म्हणणार नाही. पण म्हणून मूळ सिस्टिम सीमध्ये, स्वतःच्या आवारात, कुणावर न विसंबता बांधता येणं याची किंमत मला अलीकडे जास्त कळते.

एका बाबतीत मात्र ही पेटी बऱ्याच नव्या उपकरणांच्या पुढे आहे. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत सेकंद मोजणारा वेळेचा आकडा भरून वाहणार. नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० आवृत्तीतच ३२ बिटी मशिनांवरही वेळ ६४ बिटी केली. तेव्हा माझ्या स्पार्कस्टेशनचं कर्नल २०३८ ला सहज ओलांडेल. अडेल ते घड्याळ. त्या काळ्या चिपमध्ये सालासाठी दोनच आकडे आहेत, आणि सनच्या हिशेबात शून्य म्हणजे १९६८, त्यामुळे ९९ वर पोचल्यावर साल होतं २०६७. त्याच्या पुढच्या १ जानेवारीला मशीनला पुन्हा १९६८ उजाडल्यासारखं वाटेल. ड्रायव्हरमध्ये हे आधारवर्ष एका ओळीत लिहिलेलं आहे. तोवर नाण्यासारख्या बॅटऱ्या मिळत असतील आणि कुणी त्या बदलत राहिलं असेल, तर त्याने ती एक ओळ बदलून कर्नल पुन्हा बांधावं.